'केताव' अरबीतून आलेला नाही

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील शब्दांच्या सदरात 'किताब' हा शब्द अरबी आणि अरॅमिक या पश्चिम आशियातल्या जुन्या भाषेतला 'केताव' (म्हणजे 'लेख') त्यातूनच निघाला, असे छापले आहे. हे बरोबर नाही. अरबी आणि अरॅमिक या एकाच सेमिटिक कुळातल्या बहिणी आहेत आणि क-त-ब हा 'लिहिणे' या अर्थाचा धातू दोघींकडे आहे. शिवाय बायबलमधली अरॅमिक कुराणाच्या कित्येक शतके आधीची. 'केताव'मध्ये शेवटी 'व' ऐकू येतो तो स्वरानंतरचा 'ब' मऊ झाल्यामुळे.

या नामाचे व्याकरण समजले की त्याची खरी गोडी कळते. इब्री (हिब्रू) भाषा एखादी ठरावीक गोष्ट दाखवायला शब्दाआधी 'हा' जोडते, अरॅमिक मात्र शेवटी 'आ' लावते. बायबलमधल्या दानीएलच्या पुस्तकाच्या 5व्या अध्यायात बेलशस्सर राजाच्या महालाच्या भिंतीवर हाताची बोटे प्रकट होऊन लिहितात. तिथे राजाच्या ज्ञानी माणसांना न वाचता आलेला तो ठरावीक मजकूर म्हणजे 'केतावा'. पुढच्याच अध्यायात दारयावेश राजा सही करतो तोही 'केतावा', पण तिथे अर्थ होतो राजाज्ञा. दानीएल सिंहांच्या गुहेत पडतो तो या कागदामुळे.

मला सर्वांत आवडते ते बायबलमधल्याच एज्राच्या पुस्तकातले वचन 7:22. यरुशलेमच्या मंदिरासाठी राजा त्या काळच्या वजनामापांत मंजुरी देतो: चांदी 100 किक्कार, गहू 100 कोर, द्राक्षारस 100 बथ, तेल 100 बथ, आणि मीठ 'दी ला केताव'. शब्दशः 'ज्याला लेख नाही असे', म्हणजे लागेल तितके. इथे 'आ' नाही, कारण कोणत्याही ठरावीक लेखाबद्दल बोलणे नाही. लिहिणे आणि मोजणे यांची अशी सांगड मराठी माणसाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. 'लेख' आणि 'लेखाजोखा' आपणही एकाच धातूतून काढले. अनुवादात नुसते 'भरपूर मीठ' म्हटले की ही सांगड हरवते.

आम्हा बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू लोकांच्या लग्नात वाचला जाणारा केतुबा (विवाहाचा करारनामा) याच धातूचा, आणि त्याचा मजकूरही अरॅमिकच असतो. माझ्या आईवडिलांचा केतुबा आम्ही आजही जपून ठेवला आहे. म्हणूनच ही चूक मनाला लागली. पुढील रविवारी त्याच सदरात दुरुस्ती छापावी, ही विनंती.

— एक वाचक, अलिबाग