कपाशीतली तूर आणि बोर्दोची बाटली

तुलूझ,
रविवार, सकाळ

प्रिय सुहास,

वाईनच्या एका बाटलीत दोन-तीन जातींची द्राक्षं का मिसळतात, हे तू विचारलंस आणि फोनवर मला धड सांगता आलं नाही. म्हणून निवांत लिहायला बसलोय.

काका कपाशीत तुरीच्या ओळी घ्यायचे, आठवतं ना? एक गेलं तरी दुसरं हाती लागावं म्हणून. इथे फ्रान्समध्ये, वाईनसाठी प्रसिद्ध असलेल्या बोर्दो भागात तेच आहे. मर्लो या द्राक्षाच्या जातीला कोंब लवकर फुटतो आणि ती पिकतेही लवकर. काबर्ने सोव्हिन्यों ही दुसरी जात दोन्ही बाबतीत मागे. एप्रिलमध्ये कडाक्याची थंडी पडली की मर्लोचे कोंब जळतात. २०१७ च्या एप्रिलअखेर तिथे बागाच्या बागा अशा काळवंडल्या. उलट तोडणीच्या वेळी पाऊस लागून राहिला तर काबर्ने अडकते. समुद्र जवळ, हवा लहरी. एकीवर भिस्त कोण ठेवणार? शिवाय बोर्दोतल्याच मेदोकच्या खडीच्या, तापणाऱ्या जमिनीत काबर्ने खुलते, तर पोमरोलच्या थंड चिकणमातीत मर्लो.

गेल्या हिवाळ्यात बोर्दोतल्याच सेंतेमिल्योंजवळ एका छोट्या वाईनरीत गेलो होतो. मालकांनी आधी पिंपातली नुसती मर्लो दिली. मऊ, पिकलेल्या आलुबुखारासारखी, पण घोट गिळला की संपली. मग नुसती काबर्ने फ्रां, ही काबर्नेची वेगळी जात: जांभळाची बी चावावी तशी तुरट, वासाला हिरवट. मग त्यांनी मोजपात्रात सात भाग मर्लो आणि तीन भाग काबर्ने फ्रां ओतून पेला माझ्या हातात दिला. सुहास, चव तोंडात कितीतरी वेळ रेंगाळत होती! या मिसळण्याला ते 'आसांब्लाज' म्हणतात.

काबर्नेचा तो तुरटपणा टॅनिनचा, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतल्या तुरट द्रव्याचा. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, म्हणून जीभ कोरडी पडते. सोबत मटण किंवा बदक असलं की ते त्यातल्या प्रथिनांना धरतं आणि वाईन मऊ लागते. आमच्या तुलूझचं कासुले घे: पांढरा घेवडा, बदकाची तंगडी, सॉसेज, सगळं मातीच्या भांड्यात तासन् तास मंद आचेवर. वर खरपूस साय धरते. शेजारच्या आजी ती चमच्याने मोडून परत आत दाबतात, पुन्हा धरू देतात. त्यासोबत जवळच्याच मिनेर्व्वाची किंवा कोर्बिएरची वाईन. त्यातल्या कारिन्यां द्राक्षाचा आंबटपणा बदकाचा तुपकटपणा मारतो, ग्रनाश आणि सिरा या जाती अंग भरतात. मला ही जोडी महागड्या बोर्दोपेक्षा प्यारी आहे.

आपल्या तिखट रश्श्याबरोबर मात्र मेदोकची कोवळी, म्हणजे फार न मुरलेली, वाईन उघडू नकोस. मी उघडली होती. वाईन कडू झाली आणि तोंडाची आग वाढली. तिखट निम्मं कर, खोबरं-खसखस वाढव, आणि ग्रनाश जास्त असलेली 'कोत द्यु रोन' नावाची साधी वाईन घे. बाटली आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेव; १६ ते १८ अंश हवेत, यवतमाळच्या खोलीतले नव्हेत.

ऑक्टोबरात येतोयस त्याची तारीख आधी कळव. घेवडा आदल्या रात्री भिजवावा लागतो.

तुझा,
अविनाश