दंतवैद्यकाचे महाविद्यालय निवडताना खुर्चीवरचे रुग्णही मोजावेत

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

‘नीट’चा निकाल लागला की आमच्या अमळनेरात ओळखीचे पालक पसंतीक्रमाचा कागद घेऊन माझ्याकडे येतात. मी निवृत्त शिक्षक आहे, डॉक्टर नाही. मात्र माझी मुलगी बीडीएस (दंतवैद्यकाची पदवी) होऊन आता तालुक्याच्या गावी दवाखाना चालवते, एवढ्याच आधारावर लोक मला जाणकार समजतात. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो. जवळचे आणि कमी शुल्काचे महाविद्यालय घ्यावे, की कर्ज काढून मुलाला पुण्या-मुंबईकडे पाठवावे? या प्रश्नाची मांडणीच अपुरी आहे, असे माझे मत झाले आहे.

मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात जागा मिळत असेल, तर विचार करत बसण्याचे कारणच नाही. जळगावहून अजिंठ्याचा घाट ओलांडून संभाजीनगर सुमारे १६० किलोमीटर आहे आणि नागपूर त्याहून बरेच लांब. तरीही वाचणाऱ्या शुल्कापुढे गाडीभाडे किरकोळ ठरते. पेच पडतो तो खाजगी महाविद्यालयांत निवड करताना. धुळ्यात दंत महाविद्यालय आहे, नाशकात आहे, संगमनेरजवळ आहे आणि मोठ्या शहरांत तर कितीतरी आहेत. यांपैकी जी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्यांचा अभ्यासक्रम एक, विद्यापीठाची परीक्षा एक आणि हाती पडणारी पदवीही एकच. तालुक्याच्या गावी दाढ दुखते म्हणून आलेला रुग्ण भिंतीवरच्या प्रमाणपत्रावर गावाचे नाव शोधत नाही.

मग शहराच्या नावासाठी किती जास्त मोजावे? दोन महाविद्यालयांच्या शुल्कात वर्षाला दीड लाखाचा फरक धरला, तर चार शैक्षणिक वर्षांत तो सहा लाखांवर जातो. खोलीभाडे आणि मेस मिळून महिन्याला चार हजार रुपये अधिक लागले, तर आंतरवासितेसह (चार वर्षांनंतरच्या वर्षभराच्या प्रत्यक्ष कामासह) पाच वर्षांत आणखी दोन लाख चाळीस हजार. एका खुर्चीचा साधा दवाखाना थाटण्याची बरीचशी सोय, म्हणजे खुर्ची, कॉम्प्रेसर, हत्यारे निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह आणि क्ष-किरण यंत्र, एवढ्या रकमेत होऊ शकते. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या पुढे गेले की बँक सहसा तारण मागते, आणि आमच्याकडे तारण म्हणजे घर किंवा सातबारा. हप्ते अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू होतात हे खरे असले तरी व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढत असते, ही गोष्ट कर्जाच्या कागदांवर सह्या करताना फार थोड्यांच्या ध्यानात येते. (कापसाचा भाव पुढच्या वर्षी तरी वाढेल, या भरवशावर घेतलेली कर्जे मी पुष्कळ पाहिली आहेत.)

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट आधी तपासून घ्यावी. २०२४-२५ पासून वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांतील आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना शिक्षण शुल्कात पूर्ण सवलत आहे. पण प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत फेरीतून झालेला असावा लागतो, आणि खाजगी अभिमत विद्यापीठांना व व्यवस्थापन कोट्याला ती लागू नाही. वसतिगृह, मेस आणि दरवर्षीची उपकरणे यांचा भार तरीही पालकांवरच राहतो.

इथवरचे वाचून ‘जवळचे व स्वस्त तेच घ्या’ असा माझा सल्ला आहे असे कोणास वाटेल, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. पहिल्या वर्षी विद्यार्थी मेणाचे दात कोरतो, दुसऱ्या वर्षी प्रतिकृतीवर हात बसवतो. पण तिसऱ्या वर्षापासून त्याला माणसाच्या तोंडात काम करावे लागते. दात काढणे, सफाई करणे, दात भरणे, कवळी बसवणे या सर्वांचा ठरलेला कोटा, म्हणजे नेमून दिलेल्या रुग्णांची संख्या, पुरा करावा लागतो, आणि बाह्यरुग्ण विभाग रिकामा असेल तर तो कोटा कागदावरच पुरा होतो. माझ्या पुतणीने एका मोठ्या शहराच्या वेशीबाहेरचे महाविद्यालय घेतले होते. इमारत देखणी, पण आसपास इतके खाजगी दवाखाने की रुग्ण तिकडे फिरकत नसत. शेवटच्या वर्षी ती स्वतः रिक्षाचे पैसे देऊन रुग्ण आणत असे.

माझी मुलगी नाशिक विभागातच शिकली. तिला पूर्ण कवळीसाठी बिनदाताचा रुग्ण हवा होता, तेव्हा माझ्या सासूबाई पारोळ्याहून एसटीने पाच वेळा गेल्या: पहिले माप, पक्के माप, जबड्यांचा मेळ, मेणातली कवळी लावून पाहणे आणि शेवटी तयार कवळी. महाविद्यालय पाचशे किलोमीटरवर असते, तर हे शक्य झाले नसते. शिवाय मिसरी लावणाऱ्या बायका आणि २०१२ पासून राज्यात बंदी असूनही गुटखा खाणारी तरुण पोरे यांच्या तोंडाचे आजार, तोंड पुरते न उघडणारा रुग्ण, जिभेच्या कडेला न भरणारी जखम, हे सारे तिने विद्यार्थिदशेतच रोज पाहिले. आज दवाखान्यात संशयित जखम दिसताच ती रुग्णाला विलंब न लावता पुढे पाठवते. रुग्णाशी अहिराणीत दोन शब्द बोलता येतात, याचाही उपयोग कमी नाही.

म्हणून पालकांनी एक दिवस मोडून, सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास, स्वतः महाविद्यालयात जावे. प्राचार्यांच्या दालनाऐवजी केसपेपरच्या खिडकीसमोर तासभर बसावे, किती खुर्च्यांवर काम चालू आहे ते पाहावे, आणि अंतिम वर्षाच्या दोन मुलांना कोटा कसा पुरा होतो ते विचारावे.

सर्वांना हे जमत नाही. तळोद्याच्या किंवा धडगावच्या पालकाने चार महाविद्यालयांच्या फेऱ्या कशा माराव्यात? मंजूर शुल्क आज पाहायला मिळते, पण प्रत्येक विभागात रोज किती रुग्ण तपासले गेले, उपकरणांची यादी किती रुपयांची आहे आणि मेसचा खरा खर्च किती येतो, हे पालकाला प्रवेश झाल्यावरच कळते. ही माहिती पसंतीक्रम भरण्याची मुदत सुरू होण्यापूर्वी संकेतस्थळावर मराठीतून देणे राज्य सीईटी कक्षाने आणि विद्यापीठाने प्रत्येक दंत महाविद्यालयास बंधनकारक करावे, अशी विनंती मी आपल्या वृत्तपत्राद्वारे करीत आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, अमळनेर (जि. जळगाव)