पडवीतला देवचार

वेंगुर्ले,
नारळी पौर्णिमेनंतरचा रविवार

प्रिय मित्रा,

तुझं पत्र बुधवारी मिळालं. फोनवर उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं, कारण फोनवर आपण दोघंही एकमेकांना तोडत बोलतो आणि हा विषय मला तसा उरकायचा नाही.

तुमच्या ठाण्याच्या मंडळींनी वर्गणी काढून मराठी वाहिनीवर, संध्याकाळच्या मालिकांमध्ये, टेबलटॉप रोलप्लेइंगची, म्हणजे एकाने प्रसंग सांगायचा, बाकीच्यांनी पात्रं होऊन बोलायचं आणि फासे टाकायचे या आपल्या खेळाची, ३० सेकंदांची जाहिरात करायचं ठरवलं आहे. मी त्यात पैसे घालावेत, शिवाय चार ओळी लिहून द्याव्यात, असं तुझं म्हणणं. पैसे देतो. पण ते जाहिरातीला घालू नकोस, एवढं सांगण्यासाठी हे पत्र.

गेल्या शनिवारचं सांगतो. आमच्या पडवीत पाच पोरं जमतात, आठवी ते अकरावीतली. पावसाने वीज गेलेली, मध्ये कंदील, पाटावर कागद. घाटावर मीठ घेऊन निघालेली माणसं आणि त्यांची वाट अडवून बसलेला देवचार, म्हणजे आपल्याकडचा राखणदार आत्मा, असा प्रसंग होता. पुस्तकातले ड्रॅगन मी केव्हाच सोडले. ड्रॅगन म्हटलं की पोरांच्या डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. देवचार म्हटलं की सगळी सरकून जवळ बसतात. मला वाटलं, आता तलवारी निघणार. तर नववीतला एक मुलगा, एरवी विचारल्याशिवाय तोंड न उघडणारा, उठून उभा राहिला. म्हणाला, "माका लढूचा नाय. मी गाऱ्हाणा घालतंय."

आणि हात जोडून त्याने सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा, आज ही लेकरां तुझ्या वाटेर इली हत. काय चुकला माकला असात तर ता पोटात घाल, आणि ह्यांका वाट दी रे म्हाराजा!" बाकीच्या चौघांना कुणी सांगायची गरजच पडली नाही. एका सुरात आलं, "व्हय म्हाराजा!" आणि आत चुलीपुढे भाकऱ्या थापणाऱ्या माझ्या आईचाही आवाज त्यात मिसळला.

नियमाप्रमाणे समोरच्याचं मन वळवायचं तर २० बाजूंचा फासा टाकायचा. मी मनात १५ धरले होते, तेवढे किंवा जास्त आले तर जमलं. गाऱ्हाणं इतकं मनापासून झालं होतं की म्हटलं, दोनदा टाक, मोठा आकडा धरू. पहिला आला ४. दुसरा पाटावरून गडगडत कंदिलाच्या बुडाला थटला, आणि सगळ्यांनी वाकून बघितलं. १७. देवचाराने वाट दिली, पण दर वर्षी एक कोंबा आणि विडीचं जुडगं कबूल करून घेऊन. ते देणं त्या पोराने आपल्या कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राची माहिती लिहायच्या कागदावर, स्वतः लिहिलं, खाली रेघ मारून.

आता तूच सांग, यातलं काय ३० सेकंदांत मावेल? चकचकीत फासे दिसतील, हसणारी चार पोरं दिसतील, मागे संगीत वाजेल. बघणाऱ्याला वाटेल, आणखी एखादा मोबाईल गेम आला.

शिवाय फाशाचं आपल्याकडे काय आहे ते तू तिथे राहून विसरला असशील. पहिल्या महिन्यात एका मुलाची आई ओटीवर येऊन उभी राहिली. "पोरांका जुगार शिकवतास काय?" तिचं काय चुकलं? महाभारत ऐकून वाढलेल्या माणसाला फासा म्हटला की द्यूतच आठवणार. मी तिला बसवलं, चहा दिला, आणि म्हटलं, आज इथेच बसा. ती दोन तास बसली. पुढच्या शनिवारी धाकट्यालाही घेऊन आली. पण एका शाळेत मात्र हे जमलं नाही. तिथल्या वाचनालयात आम्ही दोनदाच बसलो. कुणीतरी राक्षसाचं चित्र आणि फासे एकत्र पाहिले, आणि तिसऱ्या वेळी दाराला कुलूप होतं. आत येऊन ऐका म्हणायची संधीच मिळाली नाही, याचं अजून वाईट वाटतं.

अमेरिकेतही नेमकं हेच झालं. डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे आपण खेळतो तोच खेळ, १९७४ मध्ये आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा खेळ, पहिल्या छपाईत १,००० प्रती. १९७९ मध्ये मिशिगनमधला एक विद्यार्थी बेपत्ता झाला आणि वर्तमानपत्रांनी खेळाकडे बोट दाखवलं. कारण पुढे वेगळंच निघालं, पण नाव घरोघरी पोचलं आणि खप चढला. मग तो खेळ काढणाऱ्या टीएसआर कंपनीने टीव्हीवर जाहिराती केल्या. १९८३ मध्ये सीबीएस या तिथल्या वाहिनीवर खेळाची कार्टून मालिकाही सुरू झाली. आणि १९८५ मध्ये त्याच सीबीएसच्या '६० मिनिट्स' या कार्यक्रमात मुलांच्या आत्महत्यांशी या खेळाचा संबंध जोडणारे आईबाप बोलले. कंपनीने नाव पोचवलं होतं, डबे विकले होते. पण टेबलापाशी नेमकं काय चालतं हे आईबापांना कुणी दाखवलंच नव्हतं. ती जागा भीतीने भरून काढली.

याच्या उलट २०१५ नंतरचं बघ. क्रिटिकल रोल या इंटरनेटवरच्या कार्यक्रमातली मंडळी फक्त हा खेळ खेळत बसली, एकेका वेळी तीन-चार तास, आणि लोक ते बघत राहिले. २०१९ मध्ये त्यांनी आपल्या कथेवरच्या कार्टूनसाठी लोकांकडे पैसे मागितले, तेव्हा १ कोटी १० लाख डॉलरहून जास्त जमले. खेळताना माणसं दिसली की खेळ कळतो.

आणि आपल्या सावंतवाडीचीच गंजिफा घे. दशावतारी गंजिफेचे १२० गोल पत्ते, १० रंग, प्रत्येकात १२. राजवाड्यात ते आजही हाताने रंगवतात, पर्यटक प्रेमाने विकत नेतात, फ्रेम करून भिंतीला लावतात. पण पत्ते वाटून डाव मांडणारी किती माणसं तुला माहीत आहेत? वस्तू जगली, खेळ गेला. मला हीच धास्ती आहे. तुमची जाहिरात बघून शंभर जणांनी फासे आणि महागडी पुस्तकं मागवली तरी डीएम, म्हणजे गोष्ट सांगून खेळवणारा, कुठून आणणार? चार-पाच जणांमागे एक तरी खेळवणारा हवा. तो नसला की पुस्तक कपाटावर जातं.

तुझा एक मुद्दा मात्र मला दोन रात्री सोडत नव्हता. तू लिहिलंस, "तुला मी भेटलो, म्हणून खेळ भेटला. शिरोड्याच्या मुलीला कोण भेटणार?" खरं आहे. त्या होस्टेलच्या खोलीत तू मला ओढून बसवलं नसतंस तर आज ही पडवी रिकामी असती. तेव्हा, लोकांपर्यंत जायलाच हवं. फक्त वाट दुसरी धरू.

रेडिओ. या खेळात जे आहे ते सगळं बोलण्यात आहे, ते बघायची गरजच नाही. आमच्याकडे स्वयंपाकघरात अजून रेडिओ लागतो. आकाशवाणीच्या रत्नागिरी केंद्राला आपण मिळून पत्र लिहू. अर्ध्या तासाचे चार भाग मागू, जाहिरात म्हणून नाही, श्रुतिका म्हणून. पण लिहून वाचलेली नको, खरोखर खेळलेली, फासा पडल्याच्या आवाजासकट. आपल्या लोकांना हे परकं वाटणार नाही. आपल्या जत्रेतल्या दशावतारी नाटकात तरी काय होतं? संध्याकाळी आख्यान ठरतं, पेटारा उघडतो, रंग लागतात आणि बोलणं उभ्या उभ्या सुचतं. कागदावर एक अक्षर नसतं. रात्रभर जागून ते बघणाऱ्या माणसाला हा खेळ समजावायला मला पाच मिनिटं लागतात.

आणि वर्गणी मराठी नियमावलीला घाला. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम २०२३ च्या जानेवारीत क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली सगळ्यांना खुले झाले आहेत. मूळ श्रेय दिलं की भाषांतर करायला आणि छापायला कुणाची आडकाठी नाही. पन्नास-साठ पानांची, साध्या मराठीतली, खेळवणाऱ्यासाठी लिहिलेली वही हवी. पहिल्या पाच पानांत आईबापांशी बोलू. भाषांतर मी अर्धं करतो, लढाईचा भाग तू कर. तुला तो माझ्यापेक्षा चांगला कळतो.

कार्तिकात जत्रा सुरू होतील. चार दिवसांची रजा काढून ये. शनिवार धरून ये, म्हणजे पडवीत बसता येईल. रात्री नाटकाला जाऊ. येताना फाशांचे दोन संच आण, इथे मिळत नाहीत आणि आमच्यातला एक आठ बाजूंचा फासा विहिरीत गेला आहे. आणि त्या नववीतल्या पोराने विचारलंय, देवचाराचा कोंबा यंदा कुणी द्यायचा. मी त्याला सांगितलंय, ठाण्याहून एकजण येतोय, त्याच्याकडून वसूल करू.

आईने तुला आशीर्वाद सांगितलेत. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
पडवीवाला