मावशीचे पैसे थांबलेत रे

प्रिय संद्या,

कितीतरी महिन्यांत फोन नाही काही नाही, चिडला असशील तर नंतर शिव्या घाल, आधी ऐक. आपल्या मेसवाल्या मावशीचे लाडक्या बहिणीचे पैसे बंद झालेत. ई-केवायसीला नवऱ्याचं आधार लागतं आणि त्याचा ओटीपी. आता तो माणूस आपण सेकंड इयरला असताना घर सोडून गेलाय, त्याचा ओटीपी कुठून आणायचा? विधवेकडे मृत्यूचा दाखला असतो, घटस्फोट झालेलीकडे कोर्टाचा कागद, टाकून दिलेल्या बाईकडे काय असतं? आणि योजनेच्या यादीत तर परित्यक्ता असं लिहिलेलंच आहे!

2024 ला पहिले तीन हजार आले ना, तिने चष्मा केला, कुणाला न विचारता. मला म्हणाली आता भाजीतल्या अळ्या दिसतात. म्हणजे आपण तीन वर्षं काय काय खाल्लं बघ!

2017 चं भांडण आठवतं? इकॉनॉमिक सर्व्हेत यूबीआय आलं होतं, म्हणजे सगळ्यांनाच सरकारने ठरावीक पैसे द्यायचे, माणशी वर्षाला 7620 रुपये. तू ताट आपटून म्हणालास फुकट मिळालं की लोक कामं सोडतील, आपल्याकडे रोजगार हमी आहे ना. मी मध्य प्रदेशातला 'सेवा' या बायकांच्या संघटनेचा प्रयोग सांगत होतो, गावातल्या प्रत्येकाला पैसे, मोठ्यांना महिन्याला आधी 200 मग 300, कसली अट नाही, आणि लोक उलट स्वतःच्या शेतात जास्त राबले. तू ऐकूनच घेतलं नाहीस.

मी अजून तेच म्हणतो, द्यायचं तर सगळ्यांना द्या. यादी केली की यादीतून नाव काढता येतं. निवडणुकीत महिन्याच्या 1500 चे 2100 करू म्हणाले, मतं पडल्यावर छाननी. नमो शेतकरी योजनेचे मिळतात म्हणून कुणाला नुसते 500. वर्षाला 46 हजार कोटी लागणार हे जाहीर करतानाच माहीत होतं की, मग आता तिजोरीचं रडगाणं बायकांना का ऐकवायचं? पण तुझं एक खरं, रोजगार हमीला 1977 चा कायदा होता, काम दिलं नाही तर भत्ता मागता यायचा. हे सगळं जीआरवर, नुसत्या सरकारी आदेशावर चाललंय. मावशी भांडणार कशाच्या जोरावर? भावाने ओवाळणी दिली नाही म्हणून कोर्टात जाता येतं का?

माझं बीपी ठीक. तुझी बदली झाली का, पोरगी बोलायला लागली असेल ना आता?

तुझ्या वकील मेव्हण्याला विचार ना, नवरा नांदवत नाही याचा कुठला कागद चालेल, ॲफिडेव्हिट पुरेल का. या आठवड्यात विचार. आणि मावशीला परस्पर पैसे पाठवू नकोस, मी पाठवले तर तिने परत केले.

तुझा,
मन्या