रोपं यायच्या आधी वाफा आखून घेऊया

अध्यक्ष काका नमस्कार,

पहिला चांगला पाऊस झाला की रोपांचा टेम्पो येणार असं माळीकाका म्हणाले, म्हणून आत्ताच लिहितेय. गेल्या वर्षी रोपं आली आणि मग जागा शोधत बसलो, तीन दिवस काळ्या पिशव्या वॉचमनच्या केबिनपाशी उन्हात पडून होत्या, शेवटी घाईघाईत एकेक फुटावर सगळं लावून टाकलं. आज जाऊन बघा, जास्वंदीच्या खाली मोगरा दबलाय, नुसत्या लांब बारीक फांद्या आणि कळी एक नाही, कारण मोगऱ्याला पाच-सहा तास ऊन लागतंच.

काल टेप घेऊन मापं घेतली. मागचा वाफा 24 फूट लांब, 6 फूट रुंद. जास्वंद वाढली की चार फूट जागा खाते, म्हणजे यादीतल्या सहा जास्वंदींतच सगळी लांबी संपली, आणि मधे ड्रेनेजचं चेंबर आहे ते उघडायला चार फूट मोकळे ठेवायलाच हवेत. म्हणजे पाचच बसतात. त्या भिंतीकडे लावू, आणि पुढच्या दोन फुटांत मोगरा, दोन-दोन फुटांवर, तिथे सकाळचं ऊन मस्त येतं. सहावी जास्वंद गेटजवळ, गणपतीत लाल फुलं खालीच मिळतील.

तगरीला थोडी सावली चालते, ती बी विंगच्या बाजूला द्या, पण तळमजल्याच्या खिडक्यांसमोर नको प्लीज, ती माणसाच्या डोक्यावर जाते आणि आजींच्या खोलीत आधीच उजेड कमी. कर्दळ मात्र वाफ्यात अजिबात नको, तिचे कंद जमिनीखालून पसरत जातात, नळापाशी ओल असते तिथे वेगळी लावू.

अजून एक, चेंबरच्या बाजूला खुरप्याने उकरून बघितलं तर वीतभर मातीखाली विटांचे तुकडे आणि टाइल्स, बिल्डरचं डेब्रिज तसंच आहे. दीड फूट खोल खड्डे घेऊन ते काढावं लागेल, लाल माती आणि शेणखत आधी आणून ठेवावं लागेल. हे काम पाऊस सुरू झाल्यावर होणार नाही हो, सगळा चिखल होतो.

खर्च मंजूर व्हायला वेळ लागेल ते समजतं, पण आखायला पैसे लागत नाहीत. रविवारी सकाळी सातला मी सुतळी आणि फक्की घेऊन खाली येते. रंगाच्या रिकाम्या बादल्या गच्चीवर पडल्यात, त्या एकेका झाडाच्या जागी ठेवून बघू. तुम्ही आणि सेक्रेटरी अर्धा तास या, माळीकाकांना मी सांगून ठेवलंय.

आपली,
बी विंग, दुसरा मजला