बाळंतविडा यादीत नाही

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

आई, फोनवर तू "बरं बरं" म्हणालीस, म्हणजे तुला पटलेलं नाही. म्हणून लिहितेय. बाळाच्या खरेदीचं मी सांगलीतच, विश्रामबागेतल्या एका ताईंना सांगून टाकलंय, आगाऊ पैसेही दिलेत. काय काय लागेल ते त्या विचारून घेतात, दुकानं फिरतात, फोटो पाठवतात. मी हो म्हटलं की मगच घेतात. फी माझ्याकडून, दुकानदाराकडून कमिशन नाही, हे आधीच विचारलंय.

ऑफिसातल्या बायका हसल्या. एवढी हौसेची खरेदी, ती कुणी परक्याच्या हाती देतं का म्हणे! हसू देत. त्यांच्या सासवा-नणंदा जवळ आहेत. मला बीपीमुळे डॉक्टरांनी फार उभं राहू नको म्हटलंय, आणि तुझे गुडघे हरभट रोडच्या गर्दीत अर्ध्या वाटेत बसतील. बाबा जातील, पण बाबा, तुम्ही झबलं आणायला जाल आणि वॉकर घेऊन याल. कॅनडात २००४ पासून तो विकायलाच बंदी आहे. कुणी कितीही गळ्यात मारला तरी आणायचा नाही.

आधी काही आणू नये, हे मलाही ठाऊक आहे. सामान ताईंकडेच राहील, बाळ झाल्याचा फोन गेला की घरी येईल. तोवर आपल्या उंबऱ्याच्या आत लंगोटसुद्धा येणार नाही, आत्याला तसं सांग. शिवाय ऐन पावसाळ्यात तळमजल्यावर नवं सामान नकोच. २०१९ च्या पुरातल्या त्या माळ्यानंतर तुम्हाला मी काय समजावू?

बाळंतविडा मात्र यादीत नाही. तो तुझाच. आजीच्या नऊवारीची दुपटी तूच शिवायचीस, मला अजून तसलंच विरलेलं सुती गालाशी लागतं तेव्हा झोप येते. फक्त ट्रंकेतल्या डांबरगोळ्या आत्ताच काढून टाक आणि कपडे दोनदा धुऊन कडक उन्हात वाळव. त्या वासानं काही बाळांचं रक्त कमी होतं, कावीळ वाढते, असं डॉक्टर म्हणाले. आणि मोहरीची उशी नको गं. माझं डोकं त्यावरच गोल झालं, मान्य. पण आता बाळाला उताणं, सपाट गादीवर, उशीशिवाय निजवतात. रागावू नकोस. ती उशी मला दे, माझी मान दुखते.

अळिवाचे लाडू आत्ताच करून ठेवू नकोस, खवट होतात. बाबा, गोळी जेवणानंतर, आणि आईला पाळणा काढायला स्टुलावर चढू द्यायचं नाही. आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीवर गेलं की ४५ च्या धोका पातळीची वाट न बघता मावशीकडे निघायचं. आणि ताईंचे पैसे मला परत पाठवायचे नाहीत, पाठवलेत तर त्याचाही पाळणाच घेईन.

तुमची
मनू