सूर्य कुठे आहे, हे विचारायला शिकवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सादर प्रणाम.

आपण आम्हांला एका प्रश्नाची सवय लावलीत, त्याबद्दल हे आभाराचे पत्र लिहीत आहे. चंद्र दिसला की आधी ‘या क्षणी सूर्य कुठे आहे?’ असे विचारायचे, हा आपला आग्रह होता. आणि रात्रीही तो न सोडता, क्षितिजाखाली गेलेल्या सूर्याची दिशा आपण आम्हांला हाताने दाखवायला लावत होतात. चंद्राच्या कलांचे उत्तर या दोन दिशांमधल्या कोनात आहे, हे त्यामुळे कधी पाठ करावे लागले नाही.

अमावास्येला चंद्र सूर्याच्याच दिशेला असतो, म्हणून त्याची उजळलेली बाजू आपल्याकडे पाठ करून असते. शुक्ल अष्टमीच्या सुमारास तो सूर्याच्या पूर्वेला ९० अंशांवर पोहोचतो. त्यामुळे तो दुपारीच उगवतो, अर्धा दिसतो आणि मध्यरात्रीच्या आसपास मावळतो. पौर्णिमेला दोघे समोरासमोर येतात, आणि एक मावळताना दुसरा उगवतो. पृथ्वीच्या सावलीमुळे चंद्राची कोर होते, हा समज फार पसरलेला आहे आणि तो आपण मुळापासून काढलात, याचे मोल मला विशेष वाटते. ती सावली सूर्याच्या विरुद्ध दिशेला पडते, म्हणून कोरीच्या चंद्राला ती गाठूच शकत नाही. चंद्राची कक्षा सुमारे ५ अंशांनी कललेली असल्यामुळे बहुतेक पौर्णिमांनाही तो सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो.

दुसरे ऋण दोन गती वेगळ्या करून दाखवल्याचे आहे. रोजचे उगवणे-मावळणे हे पृथ्वीच्या परिवलनामुळे घडते: ती पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून आकाश तासाला १५ अंश पश्चिमेकडे सरकताना दिसते. चंद्र मात्र स्वतःही दिवसाला सुमारे १३ अंश पूर्वेकडे जातो, आणि म्हणूनच तो रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा उगवतो. त्याची प्रदक्षिणा २७.३ दिवसांत पूर्ण होत असताना एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत २९.५ दिवस का लागतात, याचे उत्तरही आपल्या त्याच प्रश्नात सापडले, कारण तेवढ्या काळात पृथ्वी सूर्याभोवती पुढे गेलेली असते, सूर्याची दिशा बदललेली असते आणि चंद्राला ते अंतर भरून काढावे लागते. सूर्योदयाची जागा वर्षभर उत्तर-दक्षिण सरकते ती पृथ्वीच्या २३.५ अंश कललेल्या आसामुळे, हेही आपणच समजावलेत.

हे सारे एका तासात सांगून टाकणे आपल्याला सहज शक्य होते. तरीही आपण आधी आमच्याकडून पूर्ण महिनाभर चंद्राच्या नोंदी करवून घेतल्यात आणि त्या नोंदींवरून आम्ही स्वतः कारणापर्यंत पोहोचेपर्यंत थांबलात. त्या थांबण्याबद्दल मी आपली मनापासून आभारी आहे.

आपली,
एक विद्यार्थिनी